गोण्यांबरोबरची चिठ्ठी: रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट बॅकएंडच्या शेवटच्या थरापर्यंत कसा न्यायचा

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची गाडी खाली झाली की प्रत्येक शेतकऱ्याच्या गोण्यांचा ढीग वेगळा लागतो आणि त्या ढिगासोबत एक चिठ्ठी असते. शेतकऱ्याचं नाव, गाव, गोण्या किती. मग लिलाव होतो, वजन होतं, हमाल गोण्या उचलतात, शेवटी मुनीम हिशोबपट्टी करतो. यातलं कुणीही मागं फिरून "तुमचं नाव काय हो?" असं विचारत बसत नाही. चिठ्ठी मालाबरोबर फिरत असते.

मी अशाच काही अडत दुकानांसाठी हिशोबपट्टीचं वेब ॲप लिहितो. नोड, एक्स्प्रेस, पोस्टग्रेस. ॲप एकच, गाळे बरेच. ॲपमध्ये अशी चिठ्ठी म्हणजे रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट: ही रिक्वेस्ट कुणाची, कुठल्या गाळ्याची, ही तिच्यासोबत फिरणारी माहिती. पहिल्या वर्षी माझ्या ॲपमध्ये ही चिठ्ठीच नव्हती. तिच्या जागी मी एक ग्लोबल व्हेरिएबल ठेवलं होतं, नाव ‘सध्याचा गाळा’. लॉगिन तपासणारा कोड त्यात गाळ्याचा नंबर टाकायचा आणि आतली सगळी फंक्शन्स तिथून तो उचलायची. लॅपटॉपवर सहा महिने बिनबोभाट चाललं. जानेवारीत आवक चढली आणि एका मुनीमजींचा फोन आला: "सर, आमच्या शेतकऱ्याला पट्टीचा मेसेज गेलाय, पण वर नाव शेजारच्या गाळ्याचं. शेतकरी समोर उभा आहे. माझा माल कुणाला दिला म्हणतोय."

झालं होतं ते असं. गाळा १७ ची रिक्वेस्ट आली, व्हेरिएबलमध्ये १७ बसला. मग कोड डेटाबेसच्या उत्तरासाठी ‘अवेट’वर थांबला. नोडमध्ये थ्रेड एकच असला तरी थांबलेल्या वेळात तो दुसऱ्याचं काम घेतो. तेवढ्यात गाळा १८ ची रिक्वेस्ट आली आणि त्याच व्हेरिएबलमध्ये १८ बसला. डेटाबेसचं उत्तर आल्यावर १७ चं काम पुढे सुरू झालं, तेव्हा व्हेरिएबलमध्ये १८ होता. मेसेज १८ च्या नावानं गेला. लॅपटॉपवर मी एकटाच बटणं दाबत होतो, तिथं हे दिसणार कसं?

तुम्ही नुकतेच बॅकएंडमध्ये आला असाल आणि "हा यूजर आयडी आत पाचव्या फंक्शनपर्यंत कसा न्यायचा?" या प्रश्नावर अडला असाल, तर ग्लोबल व्हेरिएबलची वाट सोडून पुढचं वाचा.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- तुमच्या ॲपच्या थरांचा कागदावर काढलेला नकाशा: मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते तो कोड), हँडलर (रिक्वेस्टला उत्तर देणारा), सर्व्हिस, रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा कोड), डेटाबेस, आणि बाजूला क्यू (नंतर करायच्या कामांची रांग), वर्कर (त्या रांगेतली कामं उचलणारी वेगळी प्रोसेस), रात्रीचे जॉब. हा खरंच हातानं काढा. माझ्या नकाशात दोन वर्कर मी विसरलोच होतो, आणि घोळ तिथंच निघाला.
- भाषेची बऱ्यापैकी नवी आवृत्ती. नोड असेल तर १६.४ किंवा पुढची, कारण असिंकलोकलस्टोरेज (प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा कप्पा देणारी सोय, पुढं येईलच) तिथून स्थिर मानलं जातं. पायथन ३.७ किंवा पुढची, तसलंच कॉन्टेक्स्टव्हार्स तिथं आलं. गो भाषेत कॉन्टेक्स्ट पॅकेज १.७ पासून, म्हणजे २०१६ पासून, स्टँडर्ड लायब्ररीत आहे.
- प्रत्येक ओळीला आपोआप काही मजकूर जोडता येईल अशी लॉगिंग लायब्ररी.
- एकाच वेळी दोन वेगळ्या लॉगिननी रिक्वेस्ट मारायची सोय. दोन टर्मिनल पुरतात.

## १. चिठ्ठीवर काय लिहायचं ते आधी ठरवा

निम्मी भांडणं इथंच मिटतात. माझ्या चिठ्ठीवर पाचच गोष्टी आहेत: रिक्वेस्टचा नंबर, गाळा, यूजर आणि त्याची भूमिका, भाषा, आणि रिक्वेस्टला किती वाजेपर्यंत मुदत आहे ती वेळ. भाषा अशासाठी की आमच्याकडं विजयपूर, कलबुर्गीकडूनही माल येतो आणि त्या शेतकऱ्यांना मेसेज कन्नडमध्ये जातो.

चिठ्ठीवर काय नको ते जास्त महत्त्वाचं. डेटाबेस कनेक्शन नको. यूजरचं पूर्ण ऑब्जेक्ट नको. गोण्यांची संख्या, वजन, भाव तर अजिबात नको. ही कामाची माहिती आहे आणि ती फंक्शनच्या आर्ग्युमेंटमधूनच जायला हवी. एकदा चिठ्ठीची पिशवी झाली की ‘हमाली काढा’ हे फंक्शन नेमकं कशावर चालतं, ते त्याच्या सहीवरून (नाव आणि आर्ग्युमेंटची यादी) कळेनासं होतं. टेस्ट लिहायला बसलात की आधी पिशवी भरा, मग फंक्शन बोलवा.

गाळ्याच्या नंबराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तो चिठ्ठीवर असतोच, पण रिपॉझिटरीच्या प्रत्येक फंक्शनला मी तो पहिलं आर्ग्युमेंट म्हणून वेगळा देतोही. हाताखालच्या पोरांना हे दुप्पट काम वाटतं. वाटू दे. लॉगमधला नंबर चुकला तर मी वैतागेन, गाळा चुकला तर दुसऱ्याचा हिशोब उघडा पडेल. दोन्हींना एकच नियम कशाला लावायचा?

## २. चिठ्ठी गेटवरच बनवा, दोन टप्प्यांत

चिठ्ठी मिडलवेअरमध्ये तयार होते, आणि ती तिथंच तयार व्हायला हवी. पण एका दमात नाही.

पहिला टप्पा सगळ्यांच्या आधी: फक्त रिक्वेस्टचा नंबर आणि मुदत. लॉगिनच फसलं तरी त्या ओळीला नंबर असला पाहिजे, म्हणून हा टप्पा लॉगिन तपासण्याच्या आधी येतो. दुसरा टप्पा लॉगिनचं टोकन (ओळख पटवणारा सही केलेला मजकूर) तपासून झाल्यावर: गाळा, यूजर, भूमिका, भाषा. इथं जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करू नका. जुनीवरचं उतरवून घेऊन नवी चिठ्ठी बनवा आणि ती गोठवा. त्यापुढं आतल्या कुठल्याही थराला ती फक्त वाचता यावी.

*इथं पाय घसरतो:* गाळ्याचा नंबर ब्राउझरनं पाठवलेल्या फॉर्ममधून किंवा हेडरमधून घेऊ नका. तो तपासलेल्या टोकनमधून किंवा सेशनमधूनच घ्या. फॉर्ममधला १७ कुणीही १८ करून पाठवू शकतो. माणूस एकापेक्षा जास्त गाळ्यांवर काम करत असेल तर त्यानं निवडलेला गाळा त्याच्या यादीत आहे का ते गेटवरच बघा.

रिक्वेस्टचा नंबर बाहेरून येऊ शकतो, समजा पुढे दुसरी सर्व्हिस असेल तर. त्यासाठी डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची मानकं ठरवणारी संस्था) ‘ट्रेस कॉन्टेक्स्ट’ हे मानक आहे, २०२० च्या फेब्रुवारीत ते अधिकृत शिफारस झालं. ‘ट्रेसपॅरंट’ नावाचा हेडर, त्यात चार भाग: आवृत्ती, ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी, १६ अक्षरांचा पालक आयडी आणि दोन अक्षरांचे फ्लॅग. मधल्या रेघा धरून ५५ अक्षरं. आलेला हेडर या साच्यात बसला तर घ्या, नाहीतर फेकून स्वतःचा नंबर बनवा. कुणी त्यात नव्या ओळीची चिन्हं कोंबून पाठवली आणि तुम्ही ती तशीच लॉगमध्ये ओतलीत, तर लॉगमध्ये खोट्या ओळी दिसायला लागतात.

## ३. हातात द्यायची की खिशात ठेवायची?

चिठ्ठी आत न्यायचे दोनच रस्ते आहेत.

हातात देणं म्हणजे प्रत्येक फंक्शनचं पहिलं आर्ग्युमेंट कॉन्टेक्स्ट. गो भाषेतली सगळी मंडळी असंच करतात आणि तिथं दुसरा विचारही करू नका. कॉन्टेक्स्ट पहिल्या जागी द्यायचा, स्ट्रक्टमध्ये साठवून ठेवायचा नाही, आणि त्यात किंमत टाकताना किल्ली म्हणून साधी स्ट्रिंग न वापरता आपल्या पॅकेजचा स्वतःचा प्रकार वापरायचा, म्हणजे दुसऱ्या पॅकेजच्या किल्लीशी टक्कर होत नाही. फायदा असा की चिठ्ठी कुठून कुठं गेली ते कोड वाचूनच दिसतं. तोटा, प्रत्येक सही एका शब्दानं लांबते.

खिशात ठेवणं म्हणजे भाषेनंच दिलेला असा कप्पा, जो प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा मिळतो. नोडमध्ये असिंकलोकलस्टोरेज, पायथनमध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स, डॉटनेटमध्ये असिंकलोकल. जावामध्ये थ्रेडलोकल फार जुनं आहे. त्यावर भरवसा ठेवताना एक लक्षात असू द्या: वेब सर्व्हर थ्रेड परत परत वापरतात, त्यामुळे रिक्वेस्ट संपल्यावर ‘फायनली’मध्ये कप्पा रिकामा केला नाही तर पुढच्या माणसाला आधीच्याची चिठ्ठी मिळते. जावा २५ मध्ये स्कोप्ड व्हॅल्यूज कायमचे आलेत, ते ठरावीक कोडपुरतेच जिवंत राहतात, म्हणून ही भानगड उरत नाही.

नवीन, लहान ॲप असेल तर हातात द्या. दोनशे फंक्शनांचं जुनं ॲप हातात आलं असेल तर सगळ्या सह्या बदलण्यात महिना जाईल, तिथं खिसा बरा. मी दोन्ही वापरतो: गाळा हातात, बाकी लॉगसाठी लागणारं खिशात.

## ४. नोडमध्ये प्रत्यक्ष जोडणी

एकच फाइल करा, नाव ‘चिठ्ठी’. असिंकलोकलस्टोरेजचं एकच ऑब्जेक्ट त्यात बनवा आणि ते बाहेर देऊ नका. बाहेर फक्त दोन फंक्शन्स द्या.

पहिलं ‘चिठ्ठीसह चालव’: हे आतून स्टोरेजचं ‘रन’ बोलावतं, त्याला चिठ्ठी आणि पुढचं काम देतं. मिडलवेअरमध्ये तुमचं ‘नेक्स्ट’ याच्या आत बोलवायचं, बाहेर नाही. बाहेर बोलावलंत तर ‘रन’ संपून जातं आणि हँडलरला रिकामा कप्पा मिळतो. ही चूक करून मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीय, शेजारी शेंगाचटणी-भाकरी गार होत होती.

दुसरं ‘चिठ्ठी दे’: हे ‘गेटस्टोर’ बोलावतं. चिठ्ठी नसेल तर काय करायचं, ते इथंच ठरतं. माझ्या जुन्या कोडमध्ये ‘नसेल तर गाळा १’ असं होतं. गप्प चालावं म्हणून केलेली सोय. तसं करू नका. चिठ्ठी नसेल तर तिथंच एरर फेका, बोंब मारा. ५०० नंबरचा, म्हणजे सर्व्हर अडकल्याचा, एरर आला तर मुनीम फोन करतो आणि दहा मिनिटांत दुरुस्ती होते. चुकीच्या गाळ्यात गेलेली पट्टी महिनाअखेरीला ताळा जुळेना तेव्हा सापडते. लॉगर तेवढा अपवाद: चिठ्ठी नसली तरी त्यानं ओळ लिहावी आणि नंबराच्या जागी रेघ मारावी.

त्याच ऑब्जेक्टवर ‘एंटरविथ’ नावाचं आणखी एक फंक्शन दिसेल. सोपं दिसतं, कारण काही गुंडाळावं लागत नाही. पण त्यानं ठेवलेली चिठ्ठी नेमकी कुठपर्यंत टिकेल ते कोड वाचून सांगता येत नाही. मी वापरत नाही.

*इथं पाय घसरतो:* प्रॉमिसवर चालणाऱ्या लायब्ररीत चिठ्ठी आपोआप पुढे जाते. जुन्या, कॉलबॅकवर चालणाऱ्या आणि आत स्वतःची रांग ठेवणाऱ्या लायब्ररीत ती हरवू शकते, किंवा ज्यानं रांग सुरू केली त्याचीच चिठ्ठी पुढच्यांना मिळू शकते. कॉलबॅक देताना तो असिंकरिसोर्सच्या ‘बाइंड’नं बांधून द्या. कुठं हरवते ते शोधायला प्रत्येक थरात एकेक लॉग ओळ टाका. जिथून नंबराच्या जागी रेघ दिसायला लागेल तो तुमचा आरोपी.

पायथनवाल्यांसाठी थोडक्यात: असिंकआयओचा नवीन टास्क चिठ्ठीची प्रत घेऊनच सुरू होतो, त्यामुळे त्यात केलेला बदल बाहेर दिसत नाही. ‘टू थ्रेड’ (३.९ पासून) चिठ्ठी थ्रेडमध्ये नेतं, ‘रन इन एक्झिक्युटर’ नेत नाही. दोन्ही सारखीच कामं करतात म्हणून अदलाबदल केलीत तर फसाल.

## ५. डेटाबेसच्या दारात

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून रो लेव्हल सिक्युरिटी आहे. टेबलावर एक नियम लावायचा: ‘चालू सेटिंगमधला गाळा’ आणि ओळीतला गाळा जुळला तरच ओळ दिसेल. मग एखाद्या क्वेरीत अट लिहायला विसरलात तरी दुसऱ्याच्या ओळी येत नाहीत. त्यासाठी चिठ्ठीवरचा गाळा डेटाबेसला सांगावा लागतो, आणि घोळ होतो तो सांगण्याच्या पद्धतीत.

तुमचं ॲप कनेक्शन पूल वापरतं, म्हणजे डेटाबेसची उघडलेली थोडी कनेक्शन्स सगळ्या रिक्वेस्ट आळीपाळीनं वापरतात. कनेक्शन म्हणजे यार्डातला वजनकाटा: एकाचा माल उतरला की दुसऱ्याचा चढतो. साध्या ‘सेट’नं गाळा लिहिलात तर तो कनेक्शनवर तसाच राहतो आणि ते कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टला मिळतं. म्हणजे ग्लोबल व्हेरिएबलचंच भूत, यावेळी डेटाबेसमध्ये. म्हणून क्रम असाच ठेवा:

1. पूलमधून कनेक्शन घ्या आणि ट्रान्झॅक्शन सुरू करा.
2. ‘सेट कॉन्फिग’ फंक्शननं गाळा लिहा आणि तिसरं आर्ग्युमेंट ‘ट्रू’ द्या. मग ती सेटिंग त्या ट्रान्झॅक्शनपुरतीच राहते. फंक्शन वापरल्यानं गाळ्याचा नंबर पॅरामीटर म्हणून देता येतो, स्ट्रिंग जोडावी लागत नाही.
3. सगळ्या क्वेऱ्या त्याच कनेक्शनवर चालवा. मधेच एखादी पूलवर थेट चालवलीत तर ती दुसऱ्या कनेक्शनवर जाईल आणि तिथं गाळा नसेल.
4. कमिट किंवा रोलबॅक करा, कनेक्शन परत द्या.

आणखी दोन गोष्टी मला चटके बसून कळल्या. एक, टेबलाच्या मालकाला हे नियम लागूच होत नाहीत, जोपर्यंत टेबलावर ‘फोर्स’ लावत नाही. सुपरयूजरला तर कधीच होत नाहीत. मी ॲप टेबलाच्या मालकाच्या लॉगिननं चालवत होतो, त्यामुळे नियम लावून महिनाभर काहीच झालं नव्हतं. ॲपला वेगळा, साधा रोल द्या. दुसरी, ट्रान्झॅक्शन संपल्यावर त्याच कनेक्शनवर ती सेटिंग ‘नल’ न होता रिकामी स्ट्रिंग म्हणून उरते. नियमात ती थेट आकड्यात बदलत असाल तर एरर येतो, तोही फक्त वापरलेल्या कनेक्शनवर, त्यामुळे कधी येतो कधी नाही. नियमात ‘नलइफ’ लावून रिकाम्या स्ट्रिंगचं नल करून घ्या.

## ६. क्यू, वर्कर आणि रात्रीचे जॉब

मेसेज पाठवणं रिक्वेस्टमध्ये होत नाही, ते क्यूमध्ये टाकलं जातं आणि वेगळी प्रोसेस ते उचलते. खिशातली चिठ्ठी प्रोसेसची भिंत ओलांडत नाही. तिथं ती लिहूनच द्यावी लागते: क्यूच्या मेसेजमध्ये कामाच्या माहितीशेजारी चिठ्ठीचा छोटा भाग. रिक्वेस्टचा नंबर, गाळा, भाषा. लॉगिनचं टोकन क्यूमध्ये टाकू नका आणि मुदतही टाकू नका. रिक्वेस्टची मुदत संपली म्हणून शेतकऱ्याचा मेसेज थांबायला नको. वर्करनं मेसेज उचलला की त्यातून नवी चिठ्ठी बनवायची आणि सगळं काम ‘चिठ्ठीसह चालव’च्या आत करायचं. चिठ्ठी नसलेला मेसेज आला तर बाजूला काढून ठेवायचा, अंदाजानं पाठवायचा नाही.

रात्रीच्या हिशोबाच्या जॉबला रिक्वेस्टच नसते. तिथं प्रत्येक गाळ्यासाठी हातानं चिठ्ठी बनवा, यूजरच्या जागी ‘रात्रीचा जॉब’ लिहा. सगळ्या गाळ्यांना मिळून एकच चिठ्ठी बनवायचा मोह होईल, तो आवरा.

गो लिहीत असाल तर हेही बघा: हँडलर संपला की रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट रद्द होतो. तोच कॉन्टेक्स्ट देऊन मागं सोडलेल्या गोरूटीनमधली (गोमधलं समांतर चालणारं काम) कॉन्टेक्स्ट पाळणारी कामं, उदाहरणार्थ क्वेऱ्या, मधेच रद्द होतात. १.२१ पासून ‘विदाउट कॅन्सल’ आहे. त्यानं चिठ्ठीवरच्या किमती राहतात, रद्द होणं तेवढं तुटतं.

## ७. मुदत

एकच सांगतो: प्रत्येक थरानं आपापले ३० सेकंद लावू नयेत. गेटवर ठरलेल्या वेळेतून आतापर्यंत गेलेला वेळ वजा करा आणि उरलेला पुढच्याला द्या. दोन सेकंद उरले असतील तर डेटाबेसला दोनच मिळतील.

## ८. जी टेस्ट मी आधी लिहायला हवी होती

दोन गाळे, दोन टोकन. पहिल्या रिक्वेस्टच्या रिपॉझिटरीत मुद्दाम ३०० मिलिसेकंद थांबा घाला, दुसरीच्या ५०. दोन्ही एकदम सोडा. दुसरी मधे घुसून आधी संपेल, मग पहिली जागी होईल. दोन्हींच्या उत्तरात, लॉगमध्ये आणि क्यूत पडलेल्या मेसेजमध्ये आपापलाच गाळा आहे का ते तपासा. हेच पूलमध्ये एकच कनेक्शन ठेवून, एकापाठोपाठ परत चालवा, म्हणजे डेटाबेसमध्ये मागं राहिलेली सेटिंग पकडली जाईल. माझा जुना ग्लोबल व्हेरिएबलवाला कोड या टेस्टवर पहिल्याच फटक्यात पडला. चार ओळींची टेस्ट.

लॉगमध्ये आता एका नंबरानं शोधलं की अशा ओळी मिळतात:

४८२७१९ | गाळा १७ | पट्टी जतन | ४१ मि.से.
४८२७१९ | गाळा १७ | मेसेज क्यूत
४८२७१९ | गाळा १७ | वर्कर: मेसेज गेला, कन्नड

हा सहा आकड्यांचा नंबर लांब ट्रेस आयडीच्या जोडीनं मी वेगळा ठेवतो, आणि एरर आला की पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवतो. आधी तिथं इंग्रजी अक्षरं मिसळलेला आयडी होता. दुपारी लिलावाच्या गोंगाटात मुनीमजी तो फोनवर वाचायचे आणि आमचं "बी का डी?", "डी हो, डब्यातला" असं चालायचं. एक मुनीम घरी तेलुगू बोलणारे, एक कन्नड. आकडे मात्र सगळे मराठीत सांगतात. दिवस आणि सहा आकडे पुरतात. क्वचित दोन जुळलेच तर गाळा बघून कळतं.